विचाराधीन आहे

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही 'इन प्रोग्रेस' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. टिकेट उघडलेलं असतं, कुणाच्या तरी नावावर असतं, दर सोमवारच्या कॉलमध्ये त्याचं स्टेटस विचारलं जातं आणि दर सोमवारी तेच उत्तर मिळतं. खोटं कुणीच बोलत नसतं. काम खरंच 'चालू' असतं. फक्त संपत नसतं.

आपल्या संसदेत याच अर्थाचा एक शब्दप्रयोग आहे, 'विचाराधीन आहे'. अमुक कायदा कधी आणणार, असं एखाद्या खासदारानं विचारलं की मंत्री उभे राहतात आणि सांगतात की विषय सरकारच्या विचाराधीन आहे. या शनिवारी (आणि रविवारीही, कारण प्रकरण लांबलं) मी अशाच एका टिकेटचा इतिहास वाचत बसलो होतो. ते उघडलं १९६३ साली. बंद कधी झालं, की झालंच नाही, ते शेवटी तुम्हीच ठरवा. टिकेटचं नाव लोकपाल.

माझ्या वयाच्या मंडळींना लोकपाल म्हटलं की २०११ आठवतं. आम्ही तेव्हा शाळेत होतो. टीव्हीवर दिवसभर रामलीला मैदान, पांढऱ्या टोप्या आणि राळेगणसिद्धीचे अण्णा. पण तो या गोष्टीचा जवळजवळ शेवटचा भाग होता. आधीची अठ्ठेचाळीस वर्षं कुणी फारशी सांगत नाही, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे.

त्याआधी प्रश्नोत्तराच्या तासाबद्दल थोडं. मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारता येणं हे आज आपल्याला सहज वाटतं, पण हा हक्क आपल्याकडे हप्त्याहप्त्यानं आला. इंग्रजांच्या काळात १८९२ च्या कायद्यानं कायदेमंडळातल्या सभासदांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, तीही नियमांच्या चौकटीत. उत्तर मिळालं की विषय संपला! 'पण साहेब, मग असं का?' हा पुढचा प्रश्न विचारायची सोय १९०९ च्या सुधारणांनंतर झाली, तीसुद्धा फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरती. बाकीच्यांना त्यासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं.

हा 'पुढचा प्रश्न', म्हणजे उपप्रश्न, फार महत्त्वाचा. आज लोकसभेत दोन मुख्य प्रकारचे प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. दिवसाला असे २० प्रश्न यादीत येतात. अतारांकित प्रश्नांना फक्त लेखी उत्तर मिळतं, ते दिवसाला २३० पर्यंत असू शकतात. सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर मंत्रालयातल्या बाबूंनी आरामात लिहून दिलेलं असतं, मंत्री ते वाचतात किंवा सभागृहाच्या पटलावर ठेवतात. खरी परीक्षा उपप्रश्नाची. तिथे कागद संपतो. अधिकारी त्यांच्या गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवत असतात, पण उभं राहून बोलायचं असतं मंत्र्यालाच. डेमो चालू असताना क्लायंटनं स्क्रिप्टबाहेरचं बटण दाबायला सांगितलं की जे होतं, साधारण तेच.

अशा वेळी मंत्री काय करतात? शब्द देतात. 'मी यात लक्ष घालीन', 'माहिती घेऊन सदस्यांना कळवीन', 'विषय विचाराधीन आहे'. आणि बाहेर पडल्यावर विसरतात.

यावर आपल्या संसदेनं फार लवकर एक उपाय शोधला होता, हे मला माहीत नव्हतं. १९५३ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत 'सरकारी आश्वासन समिती' स्थापन झाली. तेव्हा अध्यक्ष होते दादासाहेब, म्हणजे ग. वा. मावळंकर, अहमदाबादेत वकिली केलेले मराठी गृहस्थ. समितीचं काम एकच. मंत्र्यांनी सभागृहात काय काय शब्द दिले त्याची नोंद ठेवायची आणि पुढे त्यांचं काय झालं ते विचारायचं. समितीत १५ सदस्य, त्यात मंत्री कुणी नाही. कोणती वाक्यं आश्वासन म्हणून मोजायची याची चक्क यादी आहे, आणि 'विषय विचाराधीन आहे' हे वाक्य त्या यादीत आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं, नाही जमलं तर मुदतवाढ मागायची. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळातही अशी आश्वासन समिती आहे. थोडक्यात, एसएलए होता, ट्रॅकर होता, रिव्ह्यू कमिटीही होती. १९५३ साली! आता बघा, एवढं सगळं असूनही काय झालं.

१९६३ चा एप्रिल. तिसरी लोकसभा. कायदा मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांवर चर्चा चालू होती. जोधपूरहून अपक्ष निवडून आलेले डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी बोलायला उभे राहिले. वय एकतीस. त्यांनी मांडलेला मुद्दा असा की सरकारी कारभाराविरुद्ध सामान्य माणसाची तक्रार ऐकायला एक स्वतंत्र माणूस हवा. स्वीडनमध्ये १८०९ पासून असा 'ओम्बुड्समन' होता, न्यूझीलंडनं नुकताच १९६२ मध्ये नेमला होता. असं सांगतात की हा शब्द ऐकून पंडित नेहरूंनी विचारलं, हा कोणत्या प्राणिसंग्रहालयातला प्राणी? त्याला देशी नाव द्या म्हणाले. सिंघवींनी संस्कृतातून शब्द घडवले, लोकपाल आणि लोकायुक्त. म्हणजे कायदा नव्हता, मसुदा नव्हता, पण नाव होतं. (सॉफ्टवेअरमध्येही प्रॉजेक्टचं नाव सगळ्यात आधी ठरतं, ही परंपरा जुनीच दिसते.)

१९६६ मध्ये सरकारनं प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला, अध्यक्ष मोरारजी देसाई. आयोगानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंतरिम अहवाल दिला. नागरिकांच्या तक्रारींसाठी केंद्रात लोकपाल आणि त्याच्या जोडीला लोकायुक्त नेमा, असं त्यात स्पष्ट लिहिलं. मे १९६८ मध्ये पहिलं विधेयक लोकसभेत आलं. गृहमंत्री तेव्हा आपले यशवंतराव चव्हाण होते आणि विषय गृहखात्याचा होता. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं आणि २० ऑगस्ट १९६९ ला लोकसभेनं मंजूरही केलं. सिंघवींच्या भाषणापासून सहा वर्षांत! तसं बघितलं तर वेग चांगला होता. आता फक्त राज्यसभेची मंजुरी राहिली होती.

ती मिळाली नाही. डिसेंबर १९७० मध्ये इंदिरा गांधींनी मुदतीआधी लोकसभा विसर्जित करवली आणि विधेयक बाद झालं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. घटनेच्या १०७ व्या कलमाप्रमाणे लोकसभा विसर्जित झाली की लोकसभेत पडून असलेलं विधेयक संपतं. लोकसभेनं मंजूर केलेलं पण राज्यसभेत अडकलेलं विधेयकही संपतं. राज्यसभेत मांडलेलं आणि अजून लोकसभेत न गेलेलं विधेयक मात्र जिवंत राहतं, कारण राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. म्हणूनच २००८ मध्ये महिला आरक्षण विधेयक मुद्दाम राज्यसभेत मांडलं गेलं. लोकपालाची विधेयकं पडत गेली ती लोकसभेत. म्हणजे रीस्टार्ट केलं की पुसल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये फाईल सेव्ह करायची, आणि मशीन दर चार-पाच वर्षांनी रीस्टार्ट होणार हे आधीच माहीत असायचं.

पुढची यादी मी भरभर सांगतो, कारण ती कंटाळवाणी आहे आणि तिचा कंटाळवाणेपणा हाच मुद्दा आहे. दुसरं विधेयक १९७१ मध्ये, १९७७ ला लोकसभेबरोबर बाद. तिसरं १९७७ मध्ये जनता सरकारचं, १९७९ ला बाद. चौथं १९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारचं, ते १९८८ मध्ये सरकारनंच मागे घेतलं. पाचवं १९८९ मध्ये व्ही. पी. सिंगांच्या सरकारचं, १९९१ ला बाद. सहावं १९९६ मध्ये देवेगौडांच्या काळात, १९९७ ला बाद. सातवं १९९८ मध्ये, १९९९ ला बाद. आठवं २००१ मध्ये, २००४ ला बाद. ही शेवटची दोन्ही वाजपेयींच्या काळातली.

यातलं तिसरं विधेयक मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलं. १९७७ मध्ये पंतप्रधान कोण होते? मोरारजी देसाई. म्हणजे ज्या माणसाच्या आयोगानं अकरा वर्षांपूर्वी लोकपालाची शिफारस केली होती, तोच आता सरकारचा प्रमुख. कायदामंत्री शांतिभूषण. आणीबाणीचा अनुभव ताजा, जनतेचा पाठिंबा मोठा. यापेक्षा चांगली वेळ कुठली? संयुक्त समितीचा अहवालही १९७८ मध्ये आला. तरी विधेयक मंजूर होण्याआधी सरकार पडलं. आणि हेच शांतिभूषण २०११ मध्ये पुन्हा लोकपालाच्या मसुदा समितीत दिसतात, या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, आंदोलकांच्या वतीनं सहअध्यक्ष म्हणून. चौतीस वर्षांनी तोच विषय!

आता यादी पुन्हा एकदा बघा. काँग्रेस, जनता पक्ष, जनता दल, संयुक्त आघाडी, भाजपची आघाडी, सगळे आले. लोकपाल नको असं एकाही सरकारनं उभं राहून म्हटलेलं नाही. प्रत्येकानं विधेयक मांडलं. त्यामुळे 'लोकपालाचं काय झालं?' या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या प्रत्येक मंत्र्याकडे खरं उत्तर होतं. विधेयक तयार होत आहे, विधेयक मांडलं आहे, समितीपुढे आहे, नव्यानं मांडण्याचा विचार आहे. एकही वाक्य खोटं नाही.

मला वाटतं, गोम इथेच आहे. ज्या कायद्याला उघड विरोध असतो त्याच्यावर वाद होतो, मतं मोजली जातात, कोण कुठे उभं आहे ते कळतं. हिंदू कोड बिलाचं उदाहरण घ्या. बाबासाहेबांनी सभागृहात एकेका आक्षेपाला उत्तर दिलं, विरोधकांनी तोंडावर विरोध केला, बिल रखडलं तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते अपयश होतं, पण सगळ्यांना दिसणारं अपयश होतं. ज्या कायद्याला सगळ्यांचाच पाठिंबा असतो, तो रखडवायला कुणाला काहीच किंमत मोजावी लागत नाही. लोकपालासाठी राजीनामा दिलेला मंत्री मला तरी या यादीत सापडला नाही.

आणि यात आणखी एक पेच होता. इतर कायद्यांबद्दल उत्तर देताना मंत्री दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असतो, शेतकऱ्यांबद्दल, कारखानदारांबद्दल, करदात्यांबद्दल. इथे ज्याची चौकशी होऊ शकते तोच उत्तर देत होता. त्यामुळे चर्चा पुन्हा पुन्हा एकाच जागी अडायची, पंतप्रधान या कायद्याखाली यावेत की नाही. १९८५ च्या मसुद्यात ते नव्हते, १९८९ च्या मसुद्यात आले. प्रश्न रास्त आहे, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण रास्त प्रश्नाचा निकाल न लावता तो नुसता चघळत ठेवणं हेसुद्धा एक तंत्र आहे. दोन वर्षं 'रिक्वायरमेंट फायनल नाही' म्हणून पडून असलेली प्रॉजेक्टं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनं सांगायला हवी. दिल्लीत हे चालू असताना महाराष्ट्रानं १९७१ मध्ये स्वतःचा लोकायुक्त आणि उपलोकायुक्त कायदा केला आणि १९७२ मध्ये संस्था सुरूही केली. प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारं हे पहिलं राज्य. त्याला अधिकार मर्यादित होते, मुख्यतः शिफारस करण्याचे, त्यामुळे फार कौतुक करून घेऊ नये. पण करायचं ठरवलं तर वर्षभरात होतं एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं.

२००४ च्या किमान समान कार्यक्रमात लोकपालाचं वचन होतं. तरी २००४ ते २०११ या सात वर्षांत विधेयक लोकसभेत आलंच नाही. मग एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले आणि जे प्रश्नोत्तराच्या तासात होत नव्हतं ते रस्त्यावर होऊ लागलं. ४ ऑगस्टला विधेयक मांडलं गेलं, ते पुरेसं नाही म्हणून रामलीला मैदानावर दुसरं उपोषण झालं. २७ ऑगस्टला अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी सभागृहात निवेदन केलं, नागरिकांची सनद, खालच्या पातळीवरचे कर्मचारी आणि राज्यांतले लोकायुक्त या तीन मुद्द्यांवर सभागृह तत्त्वतः सहमत आहे. पुन्हा एक आश्वासन. पण या वेळी ते ऐकायला टीव्हीसमोर अख्खा देश बसला होता.

स्थायी समितीनं डिसेंबरमध्ये अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष कोण होते माहीत आहे? अभिषेक मनु सिंघवी. लक्ष्मीमल्ल सिंघवींचे चिरंजीव. वडिलांनी शब्द घडवला त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, आणि वडील २००७ मध्येच गेले होते. मुलाच्या हातात अजून मसुदाच होता.

जुनं विधेयक मागे घेऊन नवं आलं, ते २७ डिसेंबरला लोकसभेत मंजूर झालं. २९ डिसेंबरला राज्यसभेत चर्चा रात्रीपर्यंत चालली. १८७ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. मंत्री नारायणसामी चर्चेला उत्तर देत असताना एका सदस्यानं त्यांच्या हातातले कागद ओढून फाडले. गोंधळ झाला, मध्यरात्र झाली आणि मतदान न होताच अधिवेशन संपलं. विधेयक प्रवर समितीकडे गेलं. राज्यसभेनं ते १७ डिसेंबर २०१३ ला आणि दुरुस्त्यांसह लोकसभेनं दुसऱ्याच दिवशी मंजूर केलं. पुढच्या मे महिन्यात ती लोकसभा विसर्जित झाली. म्हणजे १९७० चा अपघात जसाच्या तसा पुन्हा होणार होता, तो पाच महिन्यांनी टळला.

१६ जानेवारी २०१४ ला कायदा लागू झाला. टिकेट क्लोज? छे! आता प्रश्न बदलला, 'लोकपाल कधी नेमणार?' निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा होता, आणि २०१४ च्या लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेताच नव्हता. म्हणून दुरुस्ती विधेयक, म्हणून पुन्हा समिती, म्हणून पुन्हा 'प्रक्रिया सुरू आहे'. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुरुस्तीची वाट बघायची गरज नाही, आहे त्या कायद्यानं नेमणूक करता येते. तरी पहिले लोकपाल, न्या. पिनाकी चंद्र घोष, यांनी शपथ घेतली ती मार्च २०१९ मध्ये. सिंघवींच्या भाषणाला तेव्हा छप्पन्न वर्षं होत आली होती. २०२४ पासून या पदावर न्या. अजय खानविलकर आले. २०२३ मध्ये संसदेच्याच एका स्थायी समितीनं नोंदवलं होतं की लोकपालानं तोवर एकाही आरोपीवर खटला भरलेला नाही. यावर मी वेगळं काय बोलणार?

मग प्रश्नोत्तराच्या तासाचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. मीही वाचताना दोन-तीनदा हेच म्हटलं. पण दुसऱ्या बाजूनं बघा. या काळात सरकारं बदलली, मंत्री बदलले, विधेयकं आठ वेळा पुसली गेली. विषय मात्र पुसला गेला नाही, कारण कुणीतरी खासदार उठून 'त्याचं काय झालं?' विचारत राहिला आणि उत्तर कागदावर नोंदलं जात राहिलं. त्या नोंदी नसत्या तर २०११ मध्ये 'तुम्ही किती वर्षं हेच सांगताय' असं वर्षांसकट कुणाला म्हणता आलं असतं? उत्तरानं कायदा आला नाही हे खरं. पण उत्तरामुळे हिशेब राहिला. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता, लेखी उत्तरं तेवढी चालू होती. तेव्हा ओरड झाली ती उगाच नव्हती. लेखी उत्तराला उपप्रश्न विचारता येत नाही.

आपल्या धंद्याशी थेट संबंध असलेलं उदाहरणही आहेच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल २०१७ मध्ये आला. न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये. डेटा संरक्षणाचं विधेयक २०१९ मध्ये मांडलं, २०२२ मध्ये मागे घेतलं, नवा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. लोकपालाच्या मानानं हे बुलेट ट्रेन म्हणायचं. पण चाल ओळखीची वाटते ना?

संसदेच्या वेबसाईटवर प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं फुकट वाचायला मिळतात. भाषा रुक्ष आहे, पीडीएफ त्याहून रुक्ष. तरी आपल्याला आस्था असलेला एखादा कायदा निवडा, आपल्या मतदारसंघाच्या खासदारानं त्यावर कधी काही विचारलं का ते बघा, आणि उत्तरात 'विचाराधीन' दिसलं तर तारीख लिहून ठेवा. पुढच्या निवडणुकीत मत मागायला आले की हाच आपला उपप्रश्न.

असो. चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटू.